क्यूब पास, स्लॅब नापास

घराचं काम मटेरियलसकट ठेक्यावर दिलंय आणि ठेकेदार म्हणतोय, "टेस्टिंगचं टेन्शन घेऊ नका, ते आमच्याकडे लागलं", अशा सगळ्यांसाठी हे लिहितोय. आमच्याकडेही ते त्यांच्याकडेच लागलं होतं. साताऱ्याजवळ गावी बांधलेलं घर, हजार चौरस फुटांचा स्लॅब, जाडी पाच इंच. करारात एम-20 काँक्रीट (म्हणजे 28 दिवसांनी चौरस मिमीला 20 न्यूटन ताकदीचं), धुतलेली क्रश सँड (दगड फोडून केलेली वाळू) आणि क्यूबचा, म्हणजे त्याच काँक्रीटचे ठोकळे फोडून केलेल्या चाचणीचा, रिपोर्ट आल्यावरच स्लॅबचा हप्ता. रिपोर्ट आला, हप्ता गेला.

रिपोर्ट खोटा नव्हता, हीच यातली मेख. लॅब एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यतेची, मशीन तपासलेलं, सही-शिक्का अस्सल. खोटे होते ते क्यूब.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: ओतकाम चालू असताना मिक्सरमधून निघालेला माल 150 मिमीच्या लोखंडी साच्यात तीन थरांत भरतात, प्रत्येक थराला 16 मिमीच्या सळईने 35 वेळा ठोसतात, दुसऱ्या दिवशी साचा खोलून क्यूब पाण्यात टाकतात. 28 दिवस झाले की लॅबमध्ये दाबून फोडतात. क्यूबचं तोंड 22,500 चौरस मिमीचं, त्यामुळे चौरस मिमीला 20 न्यूटन ताकदीसाठी त्याने 450 किलोन्यूटन भार पेलायला हवा. आयएस 456 या काँक्रीटच्या भारतीय कोडप्रमाणे 6 ते 15 घनमीटरला दोन नमुने आणि नमुन्याला तीन क्यूब. आमचा स्लॅब पावणेबारा घनमीटरच्या आसपास, म्हणजे सहा. सहाच भरले. आमच्यासमोर भरले, वर फोटोही काढले. मग "पाण्यात टाकायला" म्हणून टेम्पोतून त्यांच्या गोडाऊनला नेले. तिथून लॅबला गेले ते हे नव्हेतच.

कळलं ते झोपाळ्याच्या कड्यांमुळे. स्लॅब ओतताना त्या टाकायच्या राहिल्या, म्हणून नंतर ड्रिल मारायला माणूस बोलावला. बिट लोण्यात शिरावं तसं आत गेलं. खाली पडलं ते राखाडी पीठ, आणि भोकाच्या कडेची खडी त्याने नखाने काढून माझ्या हातावर ठेवली. खडीला सिमेंट चिकटलेलंच नव्हतं, नुसती दगडाच्या भुकटीची (डस्टची) पुटं. म्हणाला, "काका, याला झोपाळा नका टांगू."

मग स्ट्रक्चरल इंजिनीअर आणले. त्यांनी आधी रिबाउंड हॅमर (पृष्ठभागावर आपटून ताकदीचा अंदाज देणारं यंत्र) फिरवला, पण तो वरवरचंच सांगतो म्हणून कोअर, म्हणजे स्लॅबमधूनच कापलेले गोल तुकडे, काढायला लावले. तीन कोअरची सरासरी 14 न्यूटनच्याही खाली. एम-20 ला कोअरची सरासरी निदान 17 आणि एकही 15 च्या खाली नको, असा कोडचा नियम.

ठेकेदाराचं एकच पालुपद: "रिपोर्ट पास आहे ना साहेब? मग?"

तो रिपोर्ट पुतण्याने बघितला. त्याचा सिव्हिलचा डिप्लोमा चालू आहे. पहिली ओळ वाचूनच हसला. सहाही क्यूब 36 ते 37 न्यूटनमध्ये. एम-20 चं मिक्स डिझाइन, म्हणजे मालाचं प्रमाण, ठरवताना लक्ष्य धरतात 26.6. "काका, दहा न्यूटनचं सिमेंट तुम्हाला फुकट कोण घालणार? आणि साइटवर घमेल्याने माप टाकून सहाही क्यूब इतके सारखे येतात होय?" एका नमुन्यातल्या तीन क्यूबमध्ये सरासरीच्या 15 टक्के वर-खाली कोडला चालतं. हाताने टाकलेल्या मालात फरक दिसणारच, न दिसणं हेच संशयाचं.

लॅबकडे फुटलेल्या क्यूबचे फोटो होते. मागितल्यावर दिले. लाल रंगाने आमच्या स्लॅबची तारीख लिहिलेली, आणि रंगाखाली, ओल्या काँक्रीटमध्ये खिळ्याने कोरलेलं "एम 30" आणि दुसरीच तारीख. कुठल्या तरी आरएमसीच्या (प्लँटमधून तयार येणाऱ्या काँक्रीटच्या) कामावरचे उरलेले क्यूब. नुसता रंग मारला, खरवडायचे कष्टही घेतले नाहीत.

लॅबचा दोष काढायला गेलो तर त्यांनी रिपोर्टच्या तळाची बारीक ओळ दाखवली: निकाल फक्त आणून दिलेल्या नमुन्यापुरता. बरोबरच आहे त्यांचं. नमुना कुठून आला हे मशीनला कळत नाही.

म्हणून क्यूब नजरेआड होऊ देऊ नका. वरचं तोंड ओलं असतानाच स्वतःची सही कोरा, किंवा सही केलेली चिठ्ठी त्यात दाबा. क्यूब तुमच्याच हौदात ठेवा, लॅबला तुम्ही न्या, पैसे तुम्ही भरा. लॅबवाले फोडताना उभं राहू देतात, फक्त आधी विचारा. रिपोर्टवर नुसता न्यूटनचा आकडा नको, क्यूबचं वजन आणि फुटतानाचा भारही हवा. वजन 8 किलोच्या थोडं वर असतं. कोणी नऊ-साडेनऊ लिहिलं असेल तर समजून जा.

स्टीलमध्ये मात्र त्यांना हात मारता आला नाही, कारण ते आमच्याकडे वजनावर आलं. 12 मिमी सळईचा मीटरभर तुकडा कापून मी गावातल्या किराणा दुकानाच्या काट्यावर ठेवला होता. 888 ग्रॅम यायला हवं, 870 भरलं. आयएस 1786 या सळईच्या कोडमध्ये चालतं तेवढं. दुकानदार अजून त्यावरून चेष्टा करतो.

सध्या स्लॅबखाली लोखंडी गर्डर टाकून घेतलेत. त्याचा खर्च स्लॅबच्या हप्त्यापेक्षा जास्त झाला. वरचा मजला रद्द. जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल आहे. वकिलांनी सगळ्यात आधी विचारलं ते हेच, की क्यूब भरताना आणि लॅबला देताना तुमची सही कशावर आहे का. भरतानाचे फोटो आहेत, पण ते ठेकेदाराच्या फोनमध्ये. लॅबचा फोटो तेवढा आमच्याकडे आहे, आणि सगळी भिस्त आता त्या कोरलेल्या "एम 30" वर आहे.