चौथा हेन्री की पहिला लिओपोल्ड? राजाच्या अखेरच्या श्रद्धेचा अभ्यास करायचा तर

प्रोटेस्टंट वळणात वाढलेला राजा आणि कॅथलिक प्रजा अशी जोडी युरोपच्या इतिहासात क्वचितच दिसते. त्यामुळे या विषयावर निबंध लिहायचा, व्याख्यान द्यायचे किंवा नुसते मन लावून वाचायचे म्हटले, की निवड बहुधा दोघांपाशी येऊन थांबते. एक फ्रान्सचा चौथा हेन्री आणि दुसरा बेल्जियमचा पहिला लिओपोल्ड. आमच्या वाचनमंडळात बोलायची पाळी आली तेव्हा मलाही या दोघांतून एकाला निवडावे लागले. दोघांची चरित्रे तुम्हांला साधारण ठाऊक आहेत असे धरून चालतो.

हेन्रीकडे ओढ वाटणे स्वाभाविक आहे. बाप्तिस्मा कॅथलिक, संस्कार कॅल्व्हिनपंथी, म्हणजे प्रोटेस्टंट, आईचे. १५७२च्या सेंट बार्थोलोम्यूच्या, म्हणजे प्रोटेस्टंटांच्या, कत्तलीनंतर जीव वाचवण्यासाठी तो कॅथलिक झाला. १५७६ मध्ये दरबारातून निसटल्यावर पुन्हा प्रोटेस्टंट. २५ जुलै १५९३ रोजी सेंट-डेनिसच्या चर्चमध्ये पुन्हा कॅथलिक. १५९८च्या नॅंटच्या फर्मानाने त्याने आपल्या जुन्या सोबत्यांना, म्हणजे ह्युगेनॉटांना (फ्रेंच प्रोटेस्टंटांना), संरक्षण दिले. एका आयुष्यात एवढी उलथापालथ असल्यावर बोलणाऱ्याला विषय शोधावा लागत नाही.

पण प्रश्न मृत्यूच्या वेळच्या श्रद्धेचा असेल तर हेन्री हातात काहीच ठेवत नाही. १४ मे १६१० रोजी पॅरिसच्या एका अरुंद रस्त्यात त्याची गाडी अडली आणि राव्हाय्याक नावाच्या कट्टर कॅथलिकाने त्याला सुऱ्याने भोसकले. श्रद्धेबद्दल काही बोलायला त्याला उसंतच मिळाली नाही. राजा पोपविरुद्ध युद्ध पुकारणार आहे असे राव्हाय्याकने मनाशी धरले होते. म्हणजे मिसेला (कॅथलिक उपासनेला) जाऊ लागून सतरा वर्षे होत आली तरी त्याच्या कॅथलिकपणावरचा संशय पुसला गेला नव्हता. त्याचे हृदय मात्र ला फ्लेशच्या जेझुइटांकडे, म्हणजे त्या कॅथलिक संघाच्या धर्मगुरूंकडे, गेले. ते त्याने आधीच त्यांना देऊ केले होते. ते खऱ्या भक्तीने की राजकारण म्हणून, हे कुणी ठरवायचे?

मला खटकली ती गोष्ट इथेच आहे. अखेरचा क्षण मुका असल्यामुळे ती जागा एका वाक्याने बळकावली आहे: ‘पॅरिस मिळत असेल तर एक मिसा परवडते.’ हे वाक्य त्याने उच्चारल्याचा त्याच्या काळातला भक्कम पुरावा नाही. तरी हेन्रीचे नाव काढले की माझ्या अनुभवात कुणीतरी हे वाक्य म्हणतोच, आणि मग चर्चा तिथून पुढे सरकत नाही. ऐकणाऱ्याने राजाला संधिसाधू ठरवून टाकलेले असते. वास्तविक पंथ बदलण्यापूर्वी तो बिशपांशी बराच वेळ वाद घालत बसला होता. शुद्धिस्थान (मृतात्मे शुद्ध होतात अशी कॅथलिक श्रद्धा असलेली जागा) आणि संतांची आळवणी या मुद्द्यांवर त्याने हरकती घेतल्या होत्या. ज्याला कशाचेच सोयरसुतक नाही तो एवढी घासाघीस कशाला करील? पण हे सांगेपर्यंत श्रोते त्या वाक्यावर खूश होऊन बसलेले असतात. मला हा अन्याय सहन होत नाही, आणि दर वेळी त्याच वाक्याशी झुंजण्यात व्याख्यानाचा अर्धा वेळ घालवायचीही इच्छा नव्हती.

लिओपोल्डच्या बाबतीत हा अडथळा नाही. बेल्जियम १८३० मध्ये नेदरलँड्सच्या प्रोटेस्टंट राजापासून फुटला, त्यामागे धर्माच्याही तक्रारी होत्या. आणि त्याच देशाने पुढच्याच वर्षी एका लुथरन, म्हणजे प्रोटेस्टंटच, राजपुत्राला सिंहासनावर बसवले! २१ जुलै १८३१ रोजी त्याने ज्या राज्यघटनेची शपथ घेतली तिने धर्मस्वातंत्र्य दिले होते. त्यामुळे हेन्रीसारखी पंथ बदलायची सक्ती त्याच्यावर नव्हती. राणी लुईज फ्रान्सच्या राजाची मुलगी, कॅथलिक. मुलेही कॅथलिक म्हणून वाढवली. राजा स्वतः मात्र शेवटपर्यंत लुथरन राहिला, आणि तरीही कॅथलिक पुढाऱ्यांशी त्याने सहसा जुळवून घेतले.

१० डिसेंबर १८६५ रोजी ब्रुसेल्समधल्या लाकेनच्या राजवाड्यात त्याचा मृत्यू झाला. हा अंत हेन्रीसारखा अचानक आलेला नव्हता. आजार होता, घरची माणसे भोवती होती. सून मारी-हेन्रिएट हिने, दिवंगत राणीच्या प्रेमाखातर तरी कॅथलिक व्हा, अशी विनवणी केली आणि सासऱ्याने जर्मनमध्ये ‘नाही’ म्हटले, असे सांगतात. अखेरच्या शब्दांत ‘शार्लट’ हे नाव होते असेही सांगतात. ते १८१७ मध्ये बाळंतपणात गेलेल्या पहिल्या, इंग्रज पत्नीचे की मेक्सिकोत सम्राज्ञी झालेल्या मुलीचे, यावर मात्र कुणी खात्री देऊ नये. या आठवणी घरच्यांच्या तोंडून आलेल्या आहेत, तेवढी सावधगिरी बाळगावीच. पण अंत्यविधीने त्यांना दुजोरा दिला असे मला वाटते. लाकेनच्या कॅथलिक चर्चमध्ये लुथरन विधी होणे शक्य नव्हते, म्हणून त्यासाठी बाहेर तात्पुरती वास्तू उभारावी लागली. राजाने आयत्या वेळी पंथ बदलला असता तर हा खटाटोप कुणी केला नसता. आज तो त्याच चर्चच्या तळघरात कॅथलिक राणीशेजारी आहे. ते चर्च मुळात तिच्याच स्मरणार्थ बांधायला घेतले होते.

राज्यकर्त्याने दोन पंथांना एकत्र कसे नांदवावे, हा तुमचा मुख्य प्रश्न असेल तर हेन्रीच घ्या. नॅंटच्या फर्मानाच्या तोडीचे लिओपोल्डकडे काही नाही. माणूस मरताना कशाला धरून राहिला, हे पाहायचे असेल तर माझा कल लिओपोल्डकडे आहे. शिवाय एक सोय आहे. हेन्रीची मूळ कागदपत्रे सोळाव्या शतकातल्या फ्रेंचमध्ये आहेत, तर लिओपोल्डने भाची व्हिक्टोरिया राणीला लिहिलेली बरीच पत्रे तिच्या छापील पत्रव्यवहारात इंग्रजीत मिळतात. मला फ्रेंच जेमतेम कळते, म्हणून मी सुरुवात त्या पत्रांपासून केली.