अँटिऑक्सिडंट हवेत, पण गोळीतून की ताटातून?

औषधाच्या दुकानात क आणि ई जीवनसत्त्वं आणि बीटा-कॅरोटीन (यापासून शरीर अ जीवनसत्त्व बनवतं) एकत्र असलेली ‘अँटिऑक्सिडंट’ गोळी, म्हणजे पेशींना इजा करणाऱ्या ‘फ्री रॅडिकल्स’ या कणांना आवरणारी, चिठ्ठीशिवाय मिळते. आमच्या घरी ती जाऊबाईंनी दिरांसाठी आणली. सिगारेट सुटत नाही, निदान फुप्फुसांना तेवढा आधार, हा त्यांचा विचार. तुम्हीही अशाच कुणासाठी गोळी घ्यावी की फळं-भाज्या वाढवाव्यात या विचारात असाल, तर आधी गोळीची बाजू नीट पाहा.

सिगारेट ओढणाऱ्यांवर यातलं बीटा-कॅरोटीन मोठ्या प्रमाणावर तपासून झालं आहे. फिनलंडमधल्या अशा २९,१३३ पुरुषांवरच्या प्रयोगाचे निष्कर्ष १९९४ मध्ये आले. रोज २० मिलिग्रॅम बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग न घेणाऱ्यांपेक्षा १८ टक्क्यांनी जास्त निघाला. अमेरिकेतल्या अशाच प्रयोगात तेच दिसू लागलं, तेव्हा १९९६ मध्ये तो मुदतीच्या २१ महिने आधी थांबवला गेला. ज्याच्या काळजीपोटी डबी आणायची, त्यालाच ती बाधते. हे वाचलं त्याच संध्याकाळी मी जाऊबाईंना फोन केला.

तेच बीटा-कॅरोटीन गाजर, लाल भोपळा, पालेभाज्यांतून पोटात जातं तेव्हा असा धोका दिसलेला नाही. तिथे ते थोडं थोडं, इतर अनेक घटकांसोबत मिळतं.

क जीवनसत्त्वाचा हिशेब तर फार सोपा आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) शिफारशीनुसार पुरुषांना दिवसाला ८० आणि स्त्रियांना ६५ मिलिग्रॅम लागतं. शंभर ग्रॅम पेरूत ते दोनशेच्या वर असतं, म्हणजे अर्धा पेरू पुरला. धूर हे जीवनसत्त्व लवकर संपवतो, म्हणून सिगारेट ओढणाऱ्याला थोडं जास्त लागतं. तेही उरलेल्या अर्ध्या पेरूत आलं. चघळायची गोळी एकदम ५०० मिलिग्रॅमची. जास्तीचं लघवीवाटे जातं, आणि मुतखड्याचा त्रास असलेल्याने असे मोठे डोस टाळलेलेच बरे. आवळा, कोथिंबिरीची चटणी, वरणावर पिळलेलं लिंबूही चालेल. फक्त लिंबू गॅस बंद केल्यावर पिळा, उष्णतेने क जीवनसत्त्व नासतं. टोमॅटोचं मात्र उलटं. त्यातलं लायकोपीन हे लाल रंगद्रव्य तेलात शिजल्यावर अंगी जास्त लागतं, तेव्हा फोडणीचं सार कच्च्या कोशिंबिरीपेक्षा सरस.

व्यायाम करणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. श्रमाने शरीरात फ्री रॅडिकल्स तयार होतात आणि त्यांच्याच इशाऱ्यावर शरीर स्वतःची संरक्षक विकरं (एन्झाइम) वाढवतं. २००९ मधल्या एका छोट्या जर्मन अभ्यासात क आणि ई च्या मोठ्या डोसांनी नेमका हा लाभ रोखला होता. रोज भरभर चालणाऱ्याने वर गोळी घ्यायची गरज मला तरी वाटत नाही.

गोळी कुठे उपयोगी? तपासणीत कमतरता निघाली, किंवा वयोमानाने डोळ्याच्या पडद्याचा मध्यभाग झिजू लागला आणि डॉक्टरांनी लिहून दिली, तर जरूर घ्यावी. डोळ्यांच्या त्या गोळीतही बीटा-कॅरोटीन काढून ल्युटीन हे पिवळं रंगद्रव्य घातलेली निवडा, विशेषतः सिगारेट ओढत असाल किंवा पूर्वी ओढत असाल तर.

दिरांसाठी आता डब्यात पेरू जातो. सिगारेट अजून सुटलेली नाही, पण त्याच पाकिटावर छापलेल्या १८००-११-२३५६ या मोफत नंबरवर त्यांनी परवा पहिला फोन केला.