क्रोशे, मखमल, स्वेड की साटीन: किप्पा कोणता घ्यावा

घरात बार मित्झवा (मुलगा तेरा वर्षांचा झाल्यावरचा धर्मविधी) ठरला, लग्नाची तारीख निघाली किंवा कुणी इस्रायलमधल्या दिमोना-अश्दोदच्या नातेवाइकांकडे जायला निघालं, की किप्प्याची, म्हणजे ज्यू पुरुष डोक्यावर घालतात त्या छोट्या गोल टोपीची, खरेदी निघते. दुकानदार रंग दाखवत सुटतो. रंग शेवटी बघा. आधी दोन गोष्टी ठरवा: किप्पा कुठे घातला जाणार आहे आणि तो त्या डोक्यावर टिकणार आहे का.

शास्त्रापुरतं बोलायचं तर निवडीला भरपूर मोकळीक आहे. पुरुषाने सदोदित डोकं झाकावं अशी आज्ञा तोरा या ज्यूंच्या मूळ धर्मग्रंथात नाही. तालमूद या धर्मचर्चेच्या ग्रंथातले, रव येहोशुआ यांचे पुत्र रव हूना उघड्या डोक्याने चार हातसुद्धा चालत नसत, आणि १५६५ साली छापलेल्या शुल्हान आरूख या आचारनियमांच्या ग्रंथाने हाच दंडक सगळ्यांसाठी घालून दिला. चार हात म्हणजे जेमतेम दोन मीटर. कापड कुठलं, कळ्या (जोडून शिवलेले तिकोनी तुकडे) किती, यावर तिथे अक्षर नाही. सिनेगॉगमध्ये पाहुणा गांधी टोपी घालून आला तरी डोकं झाकलेलंच. कापडांना आज जे अर्थ चिकटले आहेत ते माणसांनी चिकटवलेले आहेत.

इस्रायलमध्ये हे अर्थ लगेच वाचले जातात. विणलेला किप्पा, म्हणजे किप्पा सरुगा, दिसला की लोक धार्मिक झायोनिस्ट, म्हणजे धर्म पाळणारा आणि ज्यू राष्ट्राचा पुरस्कर्ता, समजतात. काळी मखमल दिसली की हरेदी, म्हणजे कट्टर सनातनी, आणि त्यावर बरेचदा काळी हॅटही असते. डोक्याचा बराचसा भाग झाकणारा पांढरा विणलेला किप्पा, त्यावर गोंड्यासह ‘ना नाख नाखमा’चा मंत्र, म्हणजे ब्रेस्लोव्ह या ज्यू पंथातला एक गट. काळा स्वेड अमेरिकेतल्या मॉडर्न ऑर्थोडॉक्स, म्हणजे धर्मनियम पाळून आधुनिक जगात वावरणाऱ्या, घरांत जास्त. मुंबई-ठाण्याच्या सिनेगॉगमध्ये यातलं काही घातलं तरी कुणी भुवया उंचावत नाही. पण जेरुसलेमच्या मेआ शेआरीम या हरेदी वस्तीत नातवाला लाल-निळ्या नक्षीचा किप्पा घालून नेलं, तर तो परका आहे हे दुरूनच कळतं. जिथे जायचं तिथल्या नातेवाइकांना एक फोन करा, अर्धा निर्णय तिथेच होतो.

क्रोशे विरुद्ध मखमल

रोज घालायचा असेल तर आमचं मत सरळ क्रोशेच्या बाजूने आहे, आणि त्याचं कारण हवामान. सुती विणीतून वारा खेळतो. मखमलीला आतून अस्तर असतं, म्हणजे कापडाचे दोन थर. मे महिन्यात पनवेल-अलिबागकडे कडेला घाम साचतो आणि काळ्या मखमलीवर मिठाची पांढरी रेघ उमटते. क्लिप रोज एकाच जागी लावली की तिथली लव कायमची बसते. वरून इस्त्री फिरवली तर चकाकणारा डाग पडतो, म्हणून उलट्या बाजूने नुसती वाफ द्यावी.

मखमल घ्यायचीच असेल तर दोन गोष्टी तपासा. सगळ्या कळ्यांची लव एकाच दिशेला हवी. बोट मधल्या टोकापासून कडेकडे फिरवा. एखादी कळी उलटी बसली असेल तर ती उन्हात वेगळ्याच काळ्या रंगाची दिसते. दुसरं, कळ्या जिथे एकत्र येतात तो बिंदू. चार कळ्यांत शिवणी कमी, पण आकार किंचित चौकोनी होतो. सहा कळ्यांचा किप्पा गोल बसतो, मात्र कारागीर कच्चा असेल तर मध्यभागी गाठ येते.

क्रोशेचा गुण-दोष सगळा विणणाऱ्याच्या हातात. सूत पर्ल कॉटन आठ नंबर, सुई साधारण १ ते १.२५ मिमी. सुरुवातीच्या कड्यात सहा सिंगल क्रोशे आणि पुढच्या प्रत्येक फेरीत सहा टाके वाढवायचे, म्हणजे चकती सपाट राहते. वाढीचे टाके प्रत्येक फेरीत एकावर एक आले तर गोलाचा षटकोन होतो, म्हणून ते पुढे-मागे सरकवायचे. चकती आठ-नऊ सेंटिमीटरची झाली की एकाआड एक फेरीत वाढ बंद करायची, आणि शेवटच्या काही फेऱ्या वाढीशिवाय. वाढ लवकर थांबवली तर डोक्यावर वाटी पालथी घातल्यासारखं दिसतं. उशिरा थांबवली तर कडा झालरीसारखी हलते आणि किप्पा केसांवर बसतच नाही. दोन रंगांची नक्षी असेल तेव्हा वापरात नसलेला धागा टाक्यांच्या आतून न्यायचा असतो. तो ओढून धरला तर कापड आकसतं, आणि पांढऱ्याखाली काळा धागा नेला तर तो राखाडी होऊन डोकावतो. विकत घेताना हाच भाग उजेडात धरून बघा. घरी विणणार असाल तर रोज तासभर बसून आठवड्या-दोन आठवड्यांचं काम आहे, तेव्हा बार मित्झवाच्या आदल्या आठवड्यात सुई हातात घेऊ नका.

स्वेड आणि साटीन

स्वेड दिसायला नेटका, साटीनपेक्षा कमी घसरतो, आणि मुलांसाठी त्यावर क्रिकेटपासून सुपरहिरोपर्यंत काहीही छापून मिळतं. पण कोकणचा पावसाळा त्याला मानवत नाही. कपाटात ठेवलेल्या स्वेडवर ऑगस्टपर्यंत हिरवट बुरशी चढते आणि पाण्याने पुसलं की डाग पक्का होतो. कोरड्या ब्रशने झाडायचा, वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवायचा. योम किप्पुरला, म्हणजे प्रायश्चित्ताच्या उपवासाच्या दिवशी, चामड्याची चप्पल चालत नाही म्हणून काही जण स्वेडचा किप्पाही बाजूला ठेवतात. त्याची गरज नाही, बंदी पादत्राणांपुरती आहे.

साटीन हा पाहुण्यांचा किप्पा. लग्नात दाराशी परडीत ठेवायला यासारखा दुसरा नाही, रोजच्या वापराला यासारखा वाईट नाही. गुळगुळीत केसांवरून तो मान हलवताच घरंगळतो. आत वधूवरांची नावं आणि तारीख छापायची पद्धत आहे, आणि घोटाळा इथेच होतो. छापखान्यातल्या सॉफ्टवेअरला उजवीकडून डावीकडे जाणारी लिपी झेपली नाही, तर हिब्रू अक्षरांचा क्रम उलटतो. हिब्रू वाचता येत नसलं तरी चालेल, नमुन्यात ‘शालोम’ हा शब्द शोधा. तीन दांड्यांचं शीन उजव्या टोकाला आणि चारी बाजूंनी बंद असलेलं चौकोनी मेम डाव्या टोकाला हवं. उलटं असेल तर पुढची शंभर नगं छापू देऊ नका.

बुखाराचा उंच काठाचा, सपाट माथ्याचा, रंगीत भरतकामाचा किप्पा लहान मुलांना सर्वांत सोयीचा. तो टोपीसारखा बसतो, क्लिप लागत नाही. तार आणि मण्यांचे नाजूक किप्पे मुख्यतः स्त्री-पुरुष दोघेही किप्पा घालतात अशा सुधारक मंडळ्यांत दिसतात. आणि ज्यांना किप्पा घालायचाही आहे पण कुणाला दिसू द्यायचा नाही, त्यांच्यासाठी इस्रायलमध्ये चक्क केसांचा किप्पा निघाला आहे!

माप आणि पकड

माप वरच्या वळणावरून, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत घ्यायचं. मोठ्या माणसाला १६ ते १८ सेंटिमीटर बरा पडतो. तेरा-चौदाचा फॅशनेबल दिसतो, पण त्याला पकड नसते. किप्पा माथ्याच्या मागे, जिथून डोकं खाली उतरायला लागतं तिथे ठेवायचा. त्याहून पुढे आला तर वाकताना पडतो.

‘टिक’ करून मिटणारी चपटी क्लिप यू-पिनेपेक्षा बरी. क्रोशेला ती शेवटच्या फेरीत अडकवू नका, टाके ओढले जाऊन कडेला भोक पडतं. काठापासून दोन-तीन फेऱ्या आत घ्या, किंवा आतून शिवूनच टाका. मखमल आणि स्वेडला अस्तरावर शिवलेली क्लिप चांगली. टक्कल असेल तिथे क्लिप कशाला धरणार? त्यांनी विगची दुहेरी टेप वापरावी, आणि किप्पा थोडा जड, सहा कळ्यांचा घ्यावा.

क्रोशेचा किप्पा थंड पाण्यात हाताने धुवा, पिळू नका, टॉवेलमध्ये दाबा आणि डोक्याच्या गोलाईचा वाडगा पालथा घालून त्यावर सावलीत वाळवा. गडद लाल किंवा निळा रंग असेल तर आधी ओल्या पांढऱ्या फडक्याने कडा पुसून बघा. फडक्याला रंग लागला, तर पहिल्याच घामात तो कपाळावर उतरेल.