१९७९ ची सँड स्कॉर्चर सांगून २०१० ची गळ्यात मारली

मी इंग्लंडमध्ये कॉव्हेंट्रीला असतो, सहा-सात वर्षं झाली जुन्या आरसी बग्गी, म्हणजे रिमोटवर चालणाऱ्या छोट्या गाड्या, गोळा करतोय आणि दुरुस्त करतोय. लहानपणी सांगलीत शेजाऱ्यांकडे मस्कतहून आलेली ग्रासहॉपर नावाची अशीच बग्गी होती, ती अंगणात धुरळा उडवत सुटायची आणि आम्ही पोरं मागे, तेव्हापासूनचं हे वेड आहे. गेल्या मार्चमध्ये यात माझे ५८० पाऊंड गेले, आणि परवा पुण्याचा मावसभाऊ त्याच जाळ्यात अडकता अडकता राहिला म्हणून लिहितोय.

गाडी तामिया या जपानी कंपनीची सँड स्कॉर्चर. वर फोक्सवॅगन बीटल कारच्या आकाराची जाड प्लॅस्टिकची बॉडी, खाली धातूचं डाय-कास्ट सस्पेन्शन, फायबरग्लासची चासी आणि मध्ये पाणी आत जाऊ नये म्हणून पारदर्शक रेडिओ बॉक्स, रिमोटचा सिग्नल घेणारं सामान यातच बसतं. मूळची आली १९७९ ला, किट नंबर ५८०१६. मग २०१० ला तामियानेच रि-रिलीज, म्हणजे तीच गाडी पुन्हा नव्याने बनवून, काढली, तिचा नंबर ५८४५२. रि-रिलीज वाईट अजिबात नाही, माझ्याकडे पण एक आहे आणि बिनधास्त चालवतो, पण मूळ गाडीचे जे पैसे मोजावे लागतात ते हिचे कुणी देत नाही, सगळी फसवणूक याच फरकावर चालते.

विकणारा एका लिलावाच्या साइटवर भेटला. वडिलांची गाडी, माळ्यावर पडून होती, बोलायला एकदम सभ्य. फोटो चौदा, खोक्यावर ५८०१६ स्पष्ट दिसतोय, पण रेडिओ बॉक्सचं झाकण प्रत्येक फोटोत बंद आणि धुरकट. मी म्हटलं झाकण उघडून एक फोटो टाका. तर म्हणाला सील वडिलांच्या हातचं आहे, चाळीस वर्षांत उघडलेलं नाही, उघडलं की किंमत पडेल. मला ते पटलं, कारण न छेडलेल्या गाडीला आमच्यात खरंच जास्त मान आहे. मग म्हणाला साइटबाहेर व्यवहार करू, कमिशन वाचेल, ६२० चे ५८० करतो, फक्त मित्र-नातेवाइकांना पैसे पाठवायचा जो पर्याय असतो त्यातून पाठवा. पाठवले.

गाडी आली, बॉडी काढली आणि पहिला स्क्रू फिरवला तिथेच पोटात गोळा आला. डोक्यावर गंज, पण बाहेर आलेला दांडा लख्ख, नवा. दुसरा काढला, तोही तसाच, तिसरा तसाच. खरा जुना गंज आटे धरून बसतो, हा वरून चढवलेला होता. टायरला माती फासलेली, ती ओल्या कपड्याने पुसली तर खाली साच्यातून निघालेल्या रबराचे केसासारखे तंतू अजून उभे, आणि चाळीस वर्षांच्या टायरच्या बाजूला ज्या बारीक चिरा पडतात त्यातली एकही नाही. शेवटी झाकण उघडलं. १९७९ च्या गाडीत वेग सांभाळायला मेकॅनिकल स्पीड कंट्रोलर असतो, सर्व्हो नावाची छोटी मोटर एक कॉन्टॅक्ट पट्ट्यांवरून सरकवते आणि जास्तीची वीज रेझिस्टरमध्ये उष्णता होऊन जाते, तो रेझिस्टर हाताला चांगला तापतो. इथे त्यातलं काहीच नव्हतं, फक्त आजकालच्या इलेक्ट्रॉनिक स्पीड कंट्रोलरसाठी सोडलेली जागा. गिअरबॉक्स उघडला तर ग्रीस पांढरं, मऊ. जुनं ग्रीस आजीच्या शिलाई मशीनमधल्या तेलासारखं तपकिरी चिकट होतं, नखाने खरवडावं लागतं.

खोकं भिंगाखाली धरलं. जुन्या छपाईत चार रंगांचे ठिपके ठरावीक नक्षीत बसलेले दिसतात, इथे नुसता शिंतोडा. घरच्या प्रिंटरवर काढून पुठ्ठ्यावर चिकटवलेलं होतं.

त्याला मेसेज केला, दोन दिवसांत अकाउंट बंद. पैसे 'मित्राला' पाठवलेले, त्यामुळे संरक्षण काही नाही, बँकेने पण हात वर केले. साइटच्या आतच कार्डाने दिले असते तर निदान तक्रार लावता आली असती. पोलिसांकडे ऑनलाइन तक्रार दिली, नंबर मिळाला, त्यापुढे काही हललं नाही. ४० पाऊंड वाचवायला गेलो आणि ५८० घालवले, याची चीड अजून गेलेली नाही.

तेव्हा झाकण उघडं, एक स्क्रू पूर्ण बाहेर काढलेला आणि मागचा गिअरबॉक्स उघडा, हे तीन फोटो आल्याशिवाय कुणालाही एक पैसा देऊ नका. ज्याच्याकडे खरी गाडी आहे तो दहा मिनिटांत काढून पाठवतो, मी स्वतः विकताना न मागता पाठवतो.

परवा मावसभावाने फोटो पाठवले, दादा बघ रे, सँड स्कॉर्चर मिळतेय, पैसे आज रात्री पाठवायचेत. विकणाऱ्याचं नाव वेगळं, गाव वेगळं, पण गाडीखाली तोच निळ्या चौकटींचा टेबलक्लॉथ, कोपऱ्यात तोच कॉफीचा डाग. त्याला म्हटलं पैसे थांबव, झाकण उघडून फोटो माग फक्त. अर्ध्या तासात उत्तर आलं, सील वडिलांच्या हातचं आहे.