बुलेटचं कॉम्प्रेशन 'अकरा' करून देणारा गॅरेजवाला

माझी बुलेट 350, युनिट कन्स्ट्रक्शन इंजिनची (इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच केसमध्ये). चढाला ओढ कमी वाटायला लागली म्हणून सांगलीतल्या एका गॅरेजात दाखवली. त्याने प्लग काढून गेज लावला, सेल्फ मारला आणि काटा दाखवत म्हणाला, "साहेब, कॉम्प्रेशन रेशो उतरलाय, साडेआठचा पाचवर आलाय. हेड फेसिंग करून, पिस्टन-रिंगा नव्या टाकून अकरा करून देतो. ॲव्हरेज दीडपट होईल." बिल 16,400 रुपये. गाडी त्याच चढाला तशीच रडते.

मुळात रेशो असा उतरतच नाही. पिस्टन खाली असताना सिलिंडरमध्ये असणारी एकूण जागा भागिले तो वर गेल्यावर उरणारी जागा, हा रेशो. तो मापांवर ठरतो. रिंगा झिजल्या किंवा व्हॉल्व्ह नीट बसेनासा झाला की दाब गळतो, रेशो तोच राहतो. गेज दाखवतो तो दाब. त्यातही या इंजिनाच्या एक्झॉस्ट कॅमवर ऑटो डीकॉम्प्रेसर, म्हणजे दाब आपोआप कमी करणारी यंत्रणा असते. सेल्फवर लोड येऊ नये म्हणून सुरू करताना ती एक्झॉस्ट व्हॉल्व्ह किंचित उचलून धरते, त्यामुळे धडधाकट इंजिनातही काटा कमीच चढतो. हे गिऱ्हाइकाला कोण सांगणार!

आता 'अकरा'चा हिशेब करा. बोअर (सिलिंडरचा व्यास) 70 मिमी, स्ट्रोक (पिस्टनची धाव) 90 मिमी, इंजिन 346 सीसी. रेशो साडेआठ असेल तर वरची जागा 346 भागिले 7.5 (रेशोतून एक वजा), म्हणजे साधारण 46 सीसी. अकराला ती 34.6 हवी. साडेअकरा सीसी कमी करायची, तर हेड जवळपास 3 मिमी घासावं लागेल, कारण 1 मिमीला पावणेचार-चार सीसीच जाते. फेसिंगमध्ये, म्हणजे हेडचा पृष्ठभाग सपाट करताना, मिलिमीटरचा छोटासा अंश काढतात. 3 मिमी काढलं तर पुशरॉड (व्हॉल्व्ह उचलणाऱ्या कांड्या) लांब पडतील, आणि साध्या पेट्रोलवर इंजिन नॉक करायची, म्हणजे पेट्रोल अवेळी पेटून ठोके पडायची भीती वेगळीच. ॲव्हरेजचं म्हणाल, तर साडेआठवरून अकरावर गेल्याने आदर्श गणितातही कार्यक्षमता सुमारे 7 टक्केच वाढते. दीडपट कुठून येणार?

कोल्हापूरच्या एका जुन्या मिस्त्रींनी माझ्यासमोर हेड उघडलं. फेसवर मशीनची खूण नाही, पिस्टन जुनाच, त्यावर काजळीचा जाड थर. नवं होतं ते फक्त गॅस्केट. खरा दोष निघाला क्लच प्लेटांमध्ये, त्या घसरत होत्या. एवढ्याशा कामासाठी माझ्या इंजिनाला बदनाम केलं याचा मला अजून राग येतो.

कुणी 'रेशो उतरलाय' म्हणालं तर लीक-डाउन टेस्ट करायला सांगा. त्यात सिलिंडरमध्ये दाबाने भरलेली हवा सायलेन्सरमधून, कार्बोरेटरमधून की क्रँककेसमधून निघते ते ऐकू येतं, आणि कुठला भाग गळतो ते कळतं. हेड उघडायचंच असेल तर समोर थांबा. काढलेला पिस्टन आणि रिंगा घरी घेऊन जा, बिलावर पार्ट नंबर लिहून घ्या. माझ्या बिलावर त्याने 'कॉम्प्रेशन 11 केले' असं स्वतःच्या हाताने लिहिलंय. त्याच कागदावर मी ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार नोंदवली आहे.