ब्रेकमधली हवा एकट्याने काढण्यासाठी हातपंप : वापरानंतरचा अभिप्राय

पुढच्या चाकांचे ब्रेक पॅड बदलल्यानंतर हवा काढण्यासाठी मी हाताने चालवायचा व्हॅक्यूम पंप वापरला. पेडल दाबायला दुसरे माणूस लागू नये, एवढीच माझी अपेक्षा होती आणि ती त्याने पूर्ण केली. मात्र त्याच्या पारदर्शक नळीत दिसणाऱ्या बुडबुड्यांवर विसंबून काम संपले की नाही हे ठरवता येत नाही, हे घेणाऱ्याने आधीच जाणून घ्यावे.

खरे तर केवळ पॅड बदलल्याने ब्रेकच्या नळ्यांत हवा शिरत नाही. कॅलिपरचा (चाकाजवळ पॅड दाबणाऱ्या भागाचा) पिस्टन मागे ढकललेला असल्यामुळे पहिल्यांदा पेडल खोल जाते आणि चार-पाच वेळा दाबल्यावर पूर्ववत होते. मी पिस्टन ढकलताना ब्रेकचे जुने तेल मागे टाकीकडे जाऊ नये म्हणून ब्लीडर निपल (कॅलिपरवरचा, तेल व हवा बाहेर काढण्याचा छोटा स्क्रू) उघडला होता, शिवाय तेल काळपट झाले होते, म्हणून हा खटाटोप केला. हे तेल हवेतला ओलावा शोषते. डॉट ४ प्रतीच्या ताज्या तेलाचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो, तर ओलावा मुरलेल्या तेलासाठी ही किमान मर्यादा १५५ अंशांची आहे.

जुने तेल ओढून काढण्यात पंप उत्तम आहे. अडचण पुढे येते. निपल सैल केला की त्याच्या आट्यांमधून बाहेरची हवा खेचली जाते, आणि आतली हवा संपली तरी नळीत बारीक बुडबुडे येतच राहतात. मी त्यापायी बरेच नवे तेल वाया घालवले. आट्यांभोवती बाहेरून सिलिकॉन ग्रीस लावल्यावर हे बुडबुडे बरेच कमी झाले. पंपाची बाटली लहान आहे, त्यामुळे ती वारंवार रिकामी करावी लागते, आणि त्या गडबडीत मास्टर सिलिंडरच्या (पेडलने चालणाऱ्या मुख्य सिलिंडरच्या) तेलाच्या टाकीकडे दुर्लक्ष झाले तर ती रिकामी होऊन नळ्यांत हवा ओढली जाते व सगळे पुन्हा पहिल्यापासून करावे लागते.

शेवटी पेडल घट्ट लागते का, यावरच मी निर्णय घेतला. तेल बदलण्यासाठी हा पंप जरूर घ्यावा. एबीएसच्या (ब्रेक लावताना चाके जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या) युनिटमध्ये हवा अडकली असेल तर मात्र बऱ्याच गाड्यांना स्कॅनर (गाडीच्या संगणकाशी जोडायचे यंत्र) जोडून त्यातील व्हॉल्व्ह चालवावे लागतात आणि ते काम या पंपाचे नाही.