घरघर थांबली, कारण पंखेच थांबले होते

माझ्या प्लाझ्मा टीव्हीच्या मागच्या बाजूस चार छोटे पंखे होते आणि माझी फसवणूक झाली ती त्यांच्याच निमित्ताने. टीव्ही लावल्यावर अर्ध्या तासाने मागून घरघर सुरू होत असे आणि झाकणावर हलकेच थोपटले की थोडा वेळ थांबत असे. हे दुखणे मी काही आठवडे अंगावर काढले. मग टीव्ही सुरू केल्यावर काही सेकंदांतच आपोआप बंद पडू लागला आणि समोरचा लाल दिवा ठरावीक वेळा लुकलुकून थांबे, पुन्हा तितक्याच वेळा लुकलुके. अशा लुकलुकण्याची संख्या म्हणजे टीव्हीने स्वतः सांगितलेला बिघाडाचा क्रमांक असतो आणि त्याचा अर्थ त्या मॉडेलच्या दुरुस्ती-पुस्तिकेत दिलेला असतो, हे मला तेव्हा माहीत नव्हते. माहीत असते तर तो आकडा मोजून मी मेकॅनिकला निदान एक प्रश्न तरी विचारला असता.

मेकॅनिकने झाकण उघडून पाचेक मिनिटे आत डोकावून पाहिले आणि ‘मेन बोर्ड’, म्हणजे टीव्हीचे मुख्य सर्किट असलेली पट्टी, ‘गेला आहे, पंख्यांचे सर्किट त्यावरच असते’ असे ठामपणे सांगितले. वाक्याचा दुसरा भाग खरा होता, म्हणूनच पहिला पटला. त्याने एकही पंखा बोटाने फिरवून पाहिला नाही आणि व्होल्टेज मोजण्याचा मल्टीमीटर तर पिशवीतून बाहेरही काढला नाही. टीव्ही तो स्वतःकडे घेऊन गेला, आठवड्याने परत आणून दिला आणि नव्या बोर्डाचे पैसे घेतले. ती रक्कम चारही पंखे बदलले असते तरी झाली नसती इतकी मोठी होती. जुना बोर्ड मी मागितला तेव्हा तो ‘कंपनीला परत करावा लागतो’ असे उत्तर मिळाले. पावतीवर ‘दुरुस्ती’ एवढा एकच शब्द होता, आणि तीही मी न वाचता घडी करून ठेवली.

टीव्ही मात्र उत्तम चालू लागला. बंद पडत नव्हता, दिवा लुकलुकत नव्हता आणि मागून घरघर तर मुळीच येत नव्हती. नवा असतानाही तो इतका शांत नव्हता, कारण चार पंखे फिरत असले की थोडा घूं असा आवाज येणारच. या शांततेनेच मला सावध करायला हवे होते, पण मी उलट तिचे कौतुक करत राहिलो. तीनेक महिन्यांनी झाकणाचा वरचा भाग हात ठेववणार नाही इतका तापू लागला, चित्रात उभ्या रेघा दिसू लागल्या आणि एका रात्री जळका वास येऊन पडदा काळा झाला.

दुसऱ्या मेकॅनिकने झाकण माझ्यासमोर उघडले. चारपैकी दोन पंखे धुळीने आणि वाळलेल्या वंगणाने जागीच घट्ट बसले होते. मेन बोर्डाच्या स्क्रूंवरची धूळ विस्कटलेलीही नव्हती आणि बोर्डाच्या लेबलवर टीव्हीच्या निर्मितीचेच वर्ष होते. म्हणजे बोर्ड बदललेलाच नव्हता. मग टीव्ही चालू कसा झाला, याचे उत्तर डाख देऊन जोडलेल्या बोटभर लांबीच्या दोन वायरींत होते.

टीव्हीतले असे पंखे बहुधा १२ व्होल्ट डीसीवर चालतात आणि त्यांना तीन वायरी असतात: लाल विजेची, काळी ग्राउंडची आणि तिसरी, बहुधा पिवळी, पंखा फिरत असल्याची खबर बोर्डाला देणारी. काही पंखे या तिसऱ्या वायरीवर दर फेऱ्याला विजेचे दोन स्पंद पाठवतात. काहींत पंखा फिरत असेपर्यंत तिथला व्होल्टेज शून्याजवळ राहतो आणि अडकला की वर चढतो. माझे पंखे दुसऱ्या प्रकारचे होते. पिवळी वायर थेट काळीला जोडली की पंखा अडकलेला असला तरी बोर्डाला ‘सारे ठीक’ हीच खबर मिळत राहते. स्पंद पाठवणाऱ्या पंख्यांत ही युक्ती चालत नाही. तिथे फिरणाऱ्या पंख्याची खबर बंद पंख्याच्या जागीही जोडून देतात. दोन्ही प्रकारांत टीव्हीचे तापण्यापासून रक्षण करणारी सोयच मुकी केली जाते, आणि याला मी कामचुकारपणा म्हणणार नाही, कारण पंखा अडकला आहे हे कळल्याखेरीज ही वायर जोडण्याचे कोणाला सुचणारच नाही.

ही तपासणी खरे तर अवघड नाही. प्लग काढून टीव्ही पुरेसा वेळ तसाच ठेवल्यावर पंखा बोटाने फिरवला की तो सहज काही फेरे फिरायला हवा. लगेच थांबला किंवा खरखरला तर बेअरिंग बहुधा कोरडे पडले आहे. धूळ मऊ ब्रशने काढावी आणि हवेचा झोत मारायचा असल्यास पाती धरून ठेवावीत, नाहीतर ती भलत्या वेगाने फिरून बेअरिंग बिघडते. पॉवर सप्लायच्या भागाला मात्र आपण हात लावू नये; तिथल्या वीज साठवणाऱ्या कपॅसिटरांत प्लग काढल्यावरही घातक विद्युतभार उरू शकतो, आणि प्लाझ्मात तर पडदा चालवणारा व्होल्टेजच २०० च्या आसपास असतो. चालू टीव्हीत लाल-काळ्या वायरींमधला व्होल्टेज मेकॅनिकलाच मोजायला सांगावे, पण आपल्यासमोर. तिथे वीज येत असूनही पंखा फिरत नसेल तर दोष पंख्याचा. वीजच येत नसेल तर बोर्डाचा संशय धरता येतो. तोही लगेच नव्हे, कारण कित्येक टीव्हींत आतले तापमान वाढल्यावरच पंखे सुरू होतात.

पंखा बदलायचा झाल्यास आकार, जाडी, व्होल्टेज आणि विद्युतप्रवाह यांच्याबरोबर तिसऱ्या वायरीचा प्रकारही जुळवावा लागतो, अन्यथा नवा पंखा व्यवस्थित फिरत असूनही टीव्ही बंदच पडत राहतो आणि ‘बोर्ड गेला’ म्हणायला पुन्हा निमित्त मिळते. वाऱ्याची दिशाही जुन्या पंख्याप्रमाणेच हवी. आताच्या बहुतेक एलईडी टीव्हींत तर पंखाच नसतो, ते झाकणाच्या झरोक्यांतूनच थंड होतात. अशा टीव्हीचा ‘पंखा बदलला’ असे कोणी पावतीवर लिहून दिले तर तो पंखा नेमका कुठे बसवला, ते दाखवायला सांगावे.

माझ्या टीव्हीत जळालेल्या बोर्डांच्या जागी घालायला दुसरे बोर्ड पुढे मिळाले नाहीत, आणि पहिल्या मेकॅनिकने तक्रार ऐकून घेतल्यावर फोन उचलणे बंद केले. दुसऱ्याने ते दोन्ही पंखे काढून माझ्या हातात दिले. त्याने स्टिकर सोलून बेअरिंगमध्ये तेलाचा एक थेंब सोडल्यावर त्यांपैकी एक पंखा माझ्या टेबलावर १२ व्होल्टच्या अडॅप्टरवर मुकाट्याने फिरू लागला.